नांदेडहून तेलंगणातल्या मेदकचं कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, एका दिवसात पाहून होतं का? आम्ही ख्रिस्ती नाही, आत जाऊ देतात का? नाताळात जावं की एरवी?

तिन्हींची उत्तरं आधी देतो. एका दिवसात होतं, पण पहाटे पाचला घर सोडलं तरच. आत जाऊ देतात. कुणी जात-धर्म विचारत नाही, तेलंगणातून सगळ्याच धर्मांची माणसं तिथे येतात. आणि इमारत नीट पाहायची असेल तर नाताळ सोडून कधीही जा.

मेदकला जाणारे बहुतेक लोक एक चूक करतात. बाहेरून मनोऱ्याचे फोटो काढतात, आत पाच मिनिटं फिरतात, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पोचलेले असतील तर खिडक्यांकडे पाहून "काळी काच आहे" म्हणतात आणि निघतात. त्या तीन रंगीत काचेच्या खिडक्या हे या चर्चचं खरं वैभव आहे, आणि त्या फक्त दिवसाच दिसतात. म्हणून सगळा बेत सूर्याच्या हिशोबाने आखा.

हिशोब असा. मुख्य दारातून आत गेल्यावर समोर वेदी, ती उत्तरेला. वेदीच्या मागच्या खिडकीत येशूचं स्वर्गारोहण आहे. इमारत क्रुसाच्या आकाराची आहे, त्यामुळे लांब दालनाला दोन्हीकडे आडवे भाग म्हणजे बाहू आहेत. उजव्या म्हणजे पूर्वेच्या बाहूत क्रुसावरचं मरण, डाव्या म्हणजे पश्चिमेच्या बाहूत जन्म. पूर्वेची खिडकी सकाळी उजळते, साधारण साडेनऊ ते अकरा ही तिची वेळ. पश्चिमेची दुपारी अडीच-तीननंतर रंगात येते. उत्तरेच्या खिडकीवर थेट ऊन फारसं येत नाही, त्यामुळे तिथला उजेड दिवसभर बराचसा सारखा असतो. म्हणजे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, असं दोनदा आत जायचं. मधल्या वेळात जेवण आणि किल्ला. आभाळ भरलेलं असेल तर निराश होऊ नका. ढगाळ उजेडात तिन्ही खिडक्या सारख्या दिसतात, रंग थोडे मऊ पण स्पष्ट.

अंधारात या काचा काळ्या का दिसतात तेही सांगतो, कारण त्यावरून त्या कशा पाहायच्या ते कळतं. रंग काचेवर फासलेला नसतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगं मिसळतात. कोबाल्टने निळा येतो, तांब्याने हिरवा किंवा लाल. मग तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. चेहरा, बोटं, कपड्याच्या चुण्या एवढंच गडद रंगाने काढून भट्टीत भाजतात. उजेड पलीकडून आरपार आला तरच चित्र उमटतं. आतले दिवे लावून उपयोग नाही, मोबाइलचा फ्लॅश तर मुळीच नाही. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या. खिडक्या उंचावर आहेत. चेहऱ्यांवरचं काम नुसत्या डोळ्यांना पुरतं दिसत नाही. हे काम लंडनचे चित्रकार फ्रँक ओ. सॅलिसबरी यांच्या हातचं आहे.

पाहण्याचा क्रम गोष्टीप्रमाणे ठेवायचा तर डावी, मग उजवी, मग समोरची. जन्म, मरण, आणि पुन्हा उठल्यावर ४० दिवसांनी शिष्यांच्या देखत स्वर्गात जाणं. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट त्यांना गाडीतच सांगून ठेवा. मग ती स्वतःच काचेत माणसं शोधायला लागतात आणि शांत राहतात.

आता इमारतीबद्दल. चार्ल्स वॉकर पॉस्नेट हे वेस्लियन मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे, मिशनरी मेदकला काम करत होते. बांधकाम १९१४ मध्ये सुरू झालं आणि २५ डिसेंबर १९२४ ला चर्चचं समर्पण झालं. मधली वर्षं दुष्काळाची आणि पहिल्या महायुद्धाची होती. गावोगावच्या उपाशी माणसांना काम द्यायचं आणि कामाच्या बदल्यात धान्य, या तत्त्वावर हे बांधकाम चाललं. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, पाझर तलाव खोदून, सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. दगडाचा प्रत्येक थर पाहताना हे डोक्यात असू द्या. मला तरी मेदकचं मोठेपण उंचीपेक्षा यातच वाटतं.

आणि तेव्हा मेदक परमुलुख नव्हता. १९२४ साली नांदेड, परभणी, औरंगाबाद आणि मेदक सगळे एकाच हैदराबाद संस्थानात होते.

मापं सांगायची तर लांबी २०० फूट, रुंदी १०० फूट, मनोरा १७५ फूट. आत सुमारे ५,००० माणसं मावतात. वरून पाहिलं तर आकार क्रुसाचा: लांब दालन, दोन आडवे बाहू आणि डोक्याशी वेदी. शैली गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी. टोकदार कमान वरचं वजन जास्त सरळ खाली उतरवते, बाजूला कमी रेटते. त्यामुळे भिंतीत मोठ्या खिडक्या ठेवता येतात. बिबी का मकबऱ्याच्या कमानी पाहिलेल्या डोळ्यांना इथली कमान किती उभट आणि अरुंद आहे हे लगेच जाणवेल. खाली पाहायला विसरू नका. जमिनीच्या रंगीत फरश्या ब्रिटनहून आणलेल्या आहेत आणि त्या बसवायला इटालियन कारागीर होते. घडीव राखाडी दगडाचे खांबही हात न लावता, पण जवळून पाहा.

दोन गोष्टी तिथे हमखास ऐकायला मिळतील. एक, "व्हॅटिकननंतर आशियातलं दुसरं." ही तुलनाच चुकीची आहे. व्हॅटिकन युरोपात आहे आणि रोमन कॅथलिक आहे. मेदक प्रोटेस्टंट, आज चर्च ऑफ साउथ इंडियाच्या मेदक धर्मप्रांताचं मुख्य चर्च. तिथे बिशपचं आसन आहे म्हणून ते कॅथेड्रल. दुसरी, मनोरा चारमिनारपेक्षा उंच होतोय म्हणून निजामाने हरकत घेतली. चारमिनारच्या उंचीचेच वेगवेगळे आकडे सापडतात, तेव्हा ही गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐका.

प्रोटेस्टंट असण्याचा पाहुण्याला एक व्यवहारी अर्थ आहे. मुंबईच्या माउंट मेरीला किंवा वेलांकणीला गेलेले लोक इथेही मूर्ती, नवसाच्या मेणाच्या वस्तू, संतांचे अवशेष शोधतात. तसलं इथे काही नाही. इथे वेदी आहे, उपदेशाचं व्यासपीठ आहे, बाप्तिस्म्याचं पात्र आहे, बाक आहेत आणि उजेड आहे. नारळ, हार, अगरबत्ती नेऊ नका. ठेवायची कुठे हा प्रश्न पडेल आणि तिथल्या माणसाला नाही म्हणायला अवघड जाईल.

चपला-बूट बाहेर काढायचे. मार्च ते मे या काळात बाहेरचा दगड दुपारी इतका तापतो की अनवाणी वीस पावलंही चालवत नाहीत, म्हणून पायमोजे जवळ ठेवा. टोपी काढा, मोबाइल आवाज बंद करून ठेवा. कपडे देवळात घालता तसे. आतल्या फोटोंबद्दल दारावरच्या माणसाला आधी विचारा आणि नाही म्हणाला तर हुज्जत नको. बाहेर काढायला हरकत नसते. वेदीभोवती कठडा आणि पायऱ्या आहेत, त्याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण मधल्या खिडकीचा फोटो घ्यायला माणूस पुढे पुढे सरकत जातो. बाकांवर बसायला परवानगी आहे, बसाच. मान वर करून उभं राहून दुखते. पण बाकावर डबा उघडू नका.

रविवारी सकाळी जाणं टाळा, किंवा गेलात तर उपासनेला बसण्याच्या तयारीने जा. उपासना तेलुगूत असते. मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा, बसले की बसा. मध्येच उठून खिडक्या पाहत फिरू नका. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस हा श्रद्धा ठेवणाऱ्यांचा विधी आहे. प्रसाद समजून रांगेत उभं राहू नका, जागेवर बसून राहिलं तर कुणाला वाईट वाटत नाही. दानाची थैली फिरते तेव्हा द्यायचं की नाही ते तुमच्यावर. गुड फ्रायडेला दुपारी उपासना लांबते, तो दिवस पर्यटनाचा नव्हेच.

नाताळाचं वेगळं. पहिली उपासना पहाटेच होते आणि नंतर दिवसभर आशीर्वाद घेणाऱ्यांच्या रांगा लागतात, त्यात ख्रिस्ती नसलेलेही खूप. भक्तिभाव आणि जत्रा पाहायची असेल तर तो दिवस मोठा आहे, रोषणाईही असते. पण खिडकीखाली दोन मिनिटं स्थिर उभं राहता येणार नाही, गाडी लांब लावावी लागेल, लहान मुलं आणि म्हातारी माणसं दमतील. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाही गर्दी असतेच. माझी पसंती नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या मंगळवार ते शुक्रवारला.

जायचं कसं? गाडीने नांदेडहून मेदक दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. नरसी, देगलूर, मदनूर, पिटलमपर्यंत राष्ट्रीय महामार्ग १६१ सरळ आहे, पुढे मेदकसाठी डावीकडे वळायचं. नकाशा कधी निजामसागर-एल्लारेड्डीकडून नेतो, कधी पुढे शंकरमपेटकडून. दोन्ही चालतात, पण महामार्ग सुटला की गावांतून वेग कमी होतो, तेव्हा एकूण चार ते साडेचार तास धरा. लातूर-उदगीरकडच्यांनी देगलूरलाच येऊन मिळणं सोपं.

रेल्वेने जायचं तर कामारेड्डीला उतरा. परभणी, जालना, संभाजीनगरकरांना अजिंठा एक्स्प्रेस बरी. ती मनमाडहून रात्री निघते आणि सकाळी तुम्हाला तिकडे सोडते. कामारेड्डीहून मेदक रस्त्याने साधारण साठ किलोमीटर. थेट बस मिळाली नाही तर रामायमपेटला बदला, तिथून मेदक जवळ आहे. अक्कन्नापेट ते मेदक अशी १७ किलोमीटरची नवी लाइन २०२२ मध्ये सुरू झाली आहे, पण तिच्यावरच्या गाड्या थोड्या आणि त्या हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनच्या बाजूने येतात. "मेदकला स्टेशन आहे" एवढं वाचून नांदेडहून थेट गाडी शोधत बसू नका. परतीचं तिकीट आधी काढा, आणि गाडीच्या वेळा त्या आठवड्यात पुन्हा तपासा.

जेवणाचं म्हणाल तर दशम्या, धपाटे, चटणी घरून न्या आणि गाडीजवळ खा. गावात जेवण मिळतं, तिखट आपल्याला चालण्यासारखं असतं. भाषेची अडचण येत नाही, हिंदी-दखनी सगळ्यांना कळते. धर्माबाद-बिलोलीकडचं तेलुगू येणारं कुणी बरोबर असेल तर प्रश्नच नाही.

मधल्या वेळात मेदकचा किल्ला पाहा. काकतीयांच्या काळातला, टेकडीवर, चढ आहे. पाणी न्या आणि बाराच्या आत उतरायला लागा. तीननंतर चर्चमध्ये परत, पश्चिमेची खिडकी पाहायची, आणि चारला निघायचं. हे पाळलं तर रात्री साडेआठ-नऊला नांदेड.

एडुपायला या ठिकाणचं वनदुर्गेचं देऊळ मेदकजवळच आहे आणि पुष्कळ लोक तेही जोडतात. मांजरेच्या धारांमध्ये ते उभं आहे, आपल्या बालाघाटात उगम पावणारी, बीड-लातूरकडून आलेली तीच मांजरा. जागा सुंदर आहे. पण पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं की देवळात पाणी शिरतं आणि दर्शन बंद होतं, आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा असते. एका दिवसाच्या फेरीत किल्ला आणि एडुपायला दोन्ही बसत नाहीत. म्हातारी माणसं बरोबर असतील तर किल्ला सोडा, पावसाळा असेल तर एडुपायला सोडा. दुपारची खिडकी मात्र कशासाठीही सोडू नका.