एमए इंटरनॅशनल रिलेशन्स करून पोरगी पुढं करणार काय?

मी करिअर समुपदेशक आहे, आणि इंटरनॅशनल रिलेशन्सबद्दल, म्हणजे देशादेशांतल्या संबंधांच्या अभ्यासाबद्दल, हा प्रश्न माझ्याकडे दर अॅडमिशन सीझनला येतो. विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात, मुलगा किंवा मुलगी शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेली असते आणि आई दोघांकडे आळीपाळीने बघत असते. आज ज्या केसबद्दल लिहितेय ती निफाड तालुक्यातली. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

२०२४ ची दिवाळी झाली आणि आठवड्याभरात तिघं आले. मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला, पॉलिटिकल सायन्स, शाळा पूर्ण मराठी मीडियम. वडील द्राक्षबागायतदार, एक्स्पोर्टचा माल करणारे. ती त्यांना नाना म्हणते म्हणून मी पण इथे नानाच लिहिते. नाना बसले पण खुर्चीला पाठ टेकली नाही आणि थेटच म्हणाले, "मॅडम, हिला ते इंटरनॅशनल रिलेशन करायचंय. मी चार जणांना विचारलं, कोणालाच सांगता येईना की हे शिकून माणूस होतो काय. डॉक्टर होतो का, वकील होतो का? बीएड केलं तर निदान मास्तरीण तरी होईल ना?"

मला हा प्रश्न कधीच अडाणीपणाचा वाटला नाही. ज्याने कर्ज काढून बाग उभी केलीय त्याला पैसा कुठे घातला की कुठून परत येतो हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. आणि खरं सांगायचं तर या डिग्रीबद्दल सरळ उत्तर देणारे फार कमी लोक भेटतात. त्यांच्याही बाबतीत तेच झालं होतं, परदेशी शिक्षणाच्या एका एजंटने त्यांना यूकेचा एक वर्षाचा कोर्स सांगितला होता, राहण्याखाण्यासकट तीस लाख, आणि "तिथे गेल्यावर नोकरीचं टेन्शनच नाही" असं तोंडी आश्वासन. लेखी काही नाही.

मी आधी मुलीशी बोलले. म्हटलं, तुला हे का करायचंय, पाठ केलेलं सांगू नको. तर ती बोलली ते पाठ केलेलंच होतं, म्हणजे आयएफएस, यूएन (संयुक्त राष्ट्रं), भारताची प्रतिमा वगैरे. वाईट काही नाही त्यात, वयच ते. पण दोन गोष्टी मला तिथल्या तिथे स्पष्ट कराव्या लागल्या आणि त्या मी प्रत्येक वेळी करते. पहिली म्हणजे आयएफएसमध्ये, भारतीय परराष्ट्र सेवेत जायला ही डिग्री लागत नाही. यूपीएससीची तीच सिव्हिल सर्व्हिसेस परीक्षा, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि सेवेत दरवर्षी जागा निघतात त्या काही डझन. आपल्याकडे सगळे ज्ञानेश्वर मुळे सरांचं उदाहरण देतात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचा मुलगा १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेला, जपानी शिकला, टोकियोत राहिला, आणि उदाहरण मोलाचंच आहे, पण तो रस्ता परीक्षेचा होता. एमएमुळे पॉलिटिकल सायन्स अँड इंटरनॅशनल रिलेशन्स हा यूपीएससीचा ऑप्शनल, म्हणजे आपण निवडायचा विषय, सोपा जातो, दोन पेपर ५०० मार्कांचे, तेवढा फायदा नक्की. दुसरी गोष्ट यूएनची. तिथल्या सेक्रेटरिएटची, म्हणजे मुख्य कचेरीची, इंटर्नशिप बिनपगारी असते, न्यूयॉर्कसारख्या शहरात राहण्याखाण्याचा खर्च आपला आपण करायचा. हे ऐकून तिचा चेहरा पडला. पण हे आत्ता माझ्या खोलीत कळलेलं बरं, दोन वर्षं आणि बापाचे पैसे घालवल्यावर कळण्यापेक्षा.

मग मी तिला विचारलं, यूपीएससीत नाही झालं आणि यूएनचं पण नाही झालं, तरी हा विषय तुला दोन वर्षं वाचावासा वाटेल का? ती गप्प. माझ्या मते या सगळ्या चिंतेचं मूळ इथेच आहे. नव्वद टक्के मुलं हे एमए यूपीएससीची वेटिंग रूम म्हणून करतात. बसायला जागा, हॉस्टेल, लायब्ररी, आणि घरी सांगायला "शिकतोय". मग परीक्षा नाही निघाली की म्हणतात डिग्रीचा उपयोग नाही. अरे, तू ती डिग्री घेतलीसच कुठे, तू तर तिथे नुसता मुक्काम केलास!

तिला पंधरा दिवसांचा होमवर्क दिला. तीन विद्यापीठांचे सिलॅबस वेबसाइटवरून काढायचे, प्रत्येक पेपरचं नाव वाचायचं आणि जो आपण सुट्टीच्या दिवशी पण वाचू त्याच्यावर खूण करायची. आणि एक पान लिहायचं, मराठीत, आपल्या गावातल्या एका गोष्टीवर जिचा धागा दुसऱ्या देशात जातो. नानांना म्हटलं, तुम्ही पण या परत, दोघंही या.

दुसऱ्या वेळी आले तेव्हा तिने वहीतून फाडलेलं पान काढलं. मला वाटलं होतं कांदा लिहून आणेल, कारण तेव्हा तो विषय आमच्याकडे घरोघरी होता, ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ ला उठली ती पण अटी घालून. पण तिने लिहिलं होतं स्वतःच्या बागेबद्दल. म्हणजे असं की येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, त्यामुळे मोठमोठ्या शिपिंग कंपन्यांनी सुएझ कालव्याचा रस्ता सोडला आणि जहाजं आफ्रिकेला खालून वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून युरोपला जायला लागली, आणि त्यामुळे २०२४ च्या सीझनला न्हावाशेवाहून निघालेला द्राक्षाचा कंटेनर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराला दहा-पंधरा दिवस उशिरा पोचला. पानाच्या तळाशी पेनाने छोटा नकाशा काढला होता, लाल समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदेब, तीसेक किलोमीटरची चिंचोळी जागा, तिथे गोल करून लिहिलेलं, "नानांचे पैसे इथे अडकले."

नानांनी ते पान हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग बोलायला लागले ते थांबेचनात. रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरचं भाडं कसं वाढलं, प्री-कूलिंग करून माल कितीही चांगला पाठवला तरी इतके दिवस समुद्रात राहिल्यावर देठ कसे सुकतात, एक्स्पोर्टर पेमेंटला "थांबा, वर लढाई चालू आहे" म्हणतो आणि आपण मान डोलवतो कारण आपल्याला कुठली लढाई तेच माहीत नसतं. मुलगी मधेच म्हणाली, "नाना, ती गाझाच्या युद्धामुळे सुरू झाली," आणि सांगायला लागली. दहा मिनिटं मी काही बोललेच नाही. समुपदेशनात असा वेळ क्वचित येतो, आणि आला की आपण गप्प बसायचं असतं.

त्यानंतर मी नानांना म्हटलं, भाऊ, तुमचा प्रश्न होता की हे शिकून माणूस होतो काय. आता असं बघा, तुमच्या त्या एक्स्पोर्टरला, शिपिंग कंपनीला, विमा कंपनीला, बँकेला हे कोणीतरी आधी सांगायला पाहिजे की नाही, की हा रस्ता दोन महिन्यांत धोक्याचा होणारे? ते काम करणारी माणसं असतात. त्यांच्या पदावर इंटरनॅशनल रिलेशन्स असं लिहिलेलं नसतं, तिथे रिसर्च असोसिएट, रिस्क अॅनालिस्ट, ट्रेड पॉलिसी, कम्प्लायन्स असं काहीतरी असतं, म्हणून तुम्ही चार जणांना विचारलं तर त्यांना सांगता आलं नाही. कन्सल्टन्सी कंपन्यांत असतात, मुंबईतल्या परदेशी दूतावासांच्या कचेऱ्यांमध्ये भारतीय स्टाफ लागतो, दिल्लीत १९६५ पासून चालत आलेली संरक्षण अभ्यासाची संस्था आहे जिला आता मनोहर पर्रीकरांचं नाव आहे, मुंबईत परराष्ट्र धोरणावर काम करणारी गेटवे हाऊस ही संस्था आहे, आणि नेट ही पात्रता परीक्षा काढून प्राध्यापकी आहेच. पगार सुरुवातीला मोठा नसतो, हेही मी तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं. इंजिनिअरच्या पॅकेजशी तुलना करत बसलं तर दोघांनाही त्रास होईल.

आता पैशाचं. एजंटचा तीस लाखाचा आकडा मी कॅल्क्युलेटरवर टाकला, अकरा टक्के व्याज, दहा वर्षं, महिन्याचा हप्ता येतो साधारण ४१ हजार, आणि शिकत असताना चढणारं व्याज त्यात धरलेलंच नाही. साडेसात लाखाच्या वर बँक सहसा तारण मागते, शेतजमीन बहुतेक बँका या कर्जाला घेत नाहीत, म्हणजे राहतं घर. नाना म्हणाले, "घर नाही." मी म्हटलं मला पण तेच वाटतं. परदेशात जाऊन हे शिकणं चुकीचं नाही, पण कर्ज काढून पहिल्याच झटक्यात जायचं असेल तर मी तरी अडवते. अमेरिकेत या विषयाला शिक्षणानंतर कामाचं एकच वर्ष मिळतं, स्टेमवाल्यांना, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंग-गणितवाल्यांना, जे वाढवून मिळतं ते इथे नाही. त्यापेक्षा इथे एमए करा, दोन वर्षं नोकरी करा, मग ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंगसारख्या स्कॉलरशिपला अर्ज करता येतो, तिथे दोन वर्षांचा अनुभव मागतातच आणि मिळाली तर फी, विमान, राहणं सगळं त्यात येतं.

मग पर्याय ठरवले. दिल्लीच्या जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज, ज्याचं मूळ १९५५ च्या सप्रू हाऊसमधल्या संस्थेत आहे, तिथे सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. पुणे विद्यापीठाचा डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज विभाग, प्रवेश परीक्षा वेगळी. आणि सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेने काढलेली दिल्लीतली साउथ एशियन युनिव्हर्सिटी. तिघांचा खर्च मिळूनही एजंटच्या आकड्याच्या जवळ जात नव्हता.

तिची स्वतःची भीती मात्र वेगळीच होती आणि ती नाना बाहेर फोनवर गेल्यावर तिने सांगितली. इंग्लिश. "मॅडम, मी वाचते पण एका पानाला अर्धा तास लागतो. वर्गात सगळे फाडफाड बोलतील, मी काय करू?" मराठी मीडियमच्या जवळजवळ प्रत्येक मुलाची हीच भीती असते आणि ती खोटी नाही, या एमएत आठवड्याला शेकड्याने पानं वाचायला देतात. तिला एकच सवय लावली. रोज एक इंग्लिश लेख वाचायचा, त्यातले अडलेले शब्द लिहून काढायचे आणि रात्री जेवताना तोच लेख नानांना मराठीत सांगायचा. नाना प्रश्न विचारणार. उत्तर नाही आलं तर लेख परत वाचायचा. समजलंय की नुसतं वाचलंय हे दुसऱ्याला सांगताना लगेच कळतं, आणि विषय एकदा मराठीत पक्का बसला की इंग्लिश वाक्यं हळूहळू सापडतात. मार्चपर्यंत अर्ध्या तासाचं पान दहा मिनिटांवर आलं होतं.

दुसरी अट मी घातली ती परकीय भाषेची. या विषयात नुसतं एमए केलेले खूप असतात, पण एखादा प्रदेश, एक भाषा आणि आकडेवारी हाताळायची थोडी सवय असं तिन्ही असलेले कमी. तिने फ्रेंच निवडली. मी विचारलं का, तर म्हणाली बाब-अल-मंदेबच्या आफ्रिकेकडच्या काठाला जिबुती हा छोटा देश आहे, तिथे अरबीबरोबर फ्रेंच चालते, आणि आफ्रिकेत अजून कितीतरी देशांत चालते. मला इतकं बरं वाटलं! फ्रेंच रोमँटिक भाषा आहे म्हणून घेणाऱ्या मुली मी खूप पाहिल्यात, जिबुतीसाठी घेणारी पहिलीच.

आई दोन्ही वेळा काही बोलल्या नव्हत्या. मला आतून वाटत होतं की त्यांच्या मनात लग्नाचं असणार, वय निघून जाईल वगैरे, आणि मी त्याची तयारी करून बसले होते. उठताना त्यांनी विचारलं, "मॅडम, हॉस्टेलला मुलींच्या जेवणाचं कसं असतं? हिला सकाळी लवकर भूक लागते." नानांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले. तिथे मला कळलं की घरात ठरलंय.

जेएनयूच्या यादीत तिचं नाव आलं नाही. दोन दिवस फोन उचलला नाही तिने, मग स्वतःहून आली, रडली, आणि पुण्याला अॅडमिशन घेतली. मला जेएनयू मिळालं असतं तर आवडलंच असतं, तिथली लायब्ररी आणि तिथली वादावादी दोन्ही तिला मानवली असती, पण पुण्यात ती संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंचला जाते आणि सुट्टीत चार-पाच तासांत बागेवर पोचते, हेही कमी नाही. पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर अवघड गेला, आकडेवारीची भीती अजून आहे, त्यावर आम्ही एक्सेलपासून सुरुवात केलीय. यूपीएससी देणार का, तर म्हणते देईन, पण एमए संपल्यावर आणि दोनच वेळा. हा आकडा तिने स्वतः ठरवला, नानांसमोर, आणि मी तो माझ्या डायरीत तारखेसकट लिहून ठेवलाय, कारण नंतर घरात कोणाला आठवत नाही काय ठरलं होतं.

परवा नानांचा फोन आला होता. छाटणीनंतर पावसाने नुकसान झालंय पण राहिलेला माल बरा आहे म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, ती म्हणते डिसर्टेशनला, म्हणजे त्या शेवटच्या प्रबंधाला, शेतमाल आणि समुद्राचे रस्ते असं काहीतरी घेणारे, त्याला आमच्या एक्स्पोर्टरशी बोलायला चालेल का?" मी म्हटलं चालेल काय, तुम्हीच फोन लावून द्या. फेब्रुवारीत ती येणार आहे, उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी दहा जागांची यादी घेऊन ये म्हणून सांगितलंय, प्रत्येकीपुढे पैसे मिळतात की नाही ते लिहून.