पसारा आवरू नकोस

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा तू मला फोनवरचं वेळापत्रक दाखवलंस. रात्री साडेनऊ ते साडेदहा, गोधडी. बाळ झोपल्यावर, सासूबाईंना गोळी दिल्यावर, उद्याची भाजी निवडून झाल्यावर. मी तेव्हा नुसतं "बघू" म्हटलं आणि चहा टाकला. तुझे डोळे भरले होते, आणि अशा वेळी खरं बोललं की माणूस फक्त रडतं. आता लिहिते. तो साडेनऊचा तास येणार नाही. बाळ झोपणार नाही. झोपलं तर शेजारी तूही झोपशील. आणि समजा जागी राहिलीस, तर नवरा शिरोलीहून सेकंड शिफ्ट करून येईल आणि त्याला ताट वाढायचं असेल. आठवड्याने तू म्हणशील, मावशी, माझ्यात शिस्तच नाही. शिस्तीचा इथं काही संबंध नाही गं.

तुझ्या हातात कला आहे, हे मी लिहीत बसत नाही. आजी गेल्यावर बाकीच्यांनी पितळेची भांडी वाटून घेतली आणि तू तिची जुनेरं मागितलीस, त्यातच सगळं आलं.

माझं म्हणणं एकच आहे. वेळ शोधू नकोस, जागा अडव. वाकळ, म्हणजे आपली गोधडीच, एकदा अंथरली की पुरी होईपर्यंत उचलायची नाही. कोणी काही म्हणो, पसारा आवरायचा नाही.

तुझं सामान कुठं आहे विचारलं तर म्हणालीस, दिवाणात. म्हणजे आधी गादी उचला, मग फळी, मग तळातली पिशवी, मग सुई कुठं खोचली ती शोधा, दोरा ओवा, मागच्या वेळी कुठपर्यंत आलो होतो ते बघा. एवढं होईतो दाराची बेल वाजते आणि सगळं पुन्हा आत. तू शिवून दमत नाहीस, काढून-ठेवून दमतेस. तेच वाकळ समोर पडलेली असली, सुईत दोरा ओवलेला असला, की कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत अर्धी ओळ होऊन जाते. नळाला पाणी यायची वाट बघत उभी असतेस ना? त्यात उरलेली अर्धी.

घर लहान आहे, हे तू म्हणणारच. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या आणि माणसं सहा. वाकळ कॉटवर असायची. शिवून झालेला भाग पायथ्याशी गुंडाळलेला, हातभर तेवढा उघडा. रात्री त्याच कॉटवर झोपायचं आणि थंडी असली तर तीच अर्धीमुर्धी ओढून घ्यायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायका कडेकडेने बसल्या, नाकं मुरडली, आणि जाताना त्यातल्याच एकीने हळूच विचारलं, "नातवाला दुपटं शिवून देता का?"

सुयांचं मात्र कडक ठेव, बाळ तीन वर्षांचं आहे. दाराच्या वरच्या खिळ्याला कापसाची छोटी उशी टांग. सकाळीच चार सुया ओवून तिच्यात खोचून ठेव, आणि चार म्हणजे चारच, रात्री मोजायच्या. दोरा हातभर. एका बैठकीला एक दोरा संपतो, मग शेवटी एक टाका मागे घेऊन गाठ मार आणि सुई परत उशीत. मध्येच उठावं लागलं तर दोरा सरळ कापून टाक. दोऱ्याचा जीव केवढा आणि त्याचा लोभ केवढा! माझी सासू सांगायची, रिकामी सुई उशीत जाता कामा नये, ओवून मगच ऊठ. "मी शिवतो, तू भाकऱ्या टाक," असं म्हणून ती दुपारची माझ्या हातातली सुई काढून घ्यायची. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा पडायचा, वरूनही आणि खालूनही.

आता ते कसुतीचं. तू म्हणालीस, आधी कसुती शिकते, मग वाकळेकडे वळते. उलटं कर. धारवाडकडचं ते भरतकाम मलाही फार आवडतं. गावंती, मुरगी, नेगी, मेंथी हे चारच टाके आणि त्यातून गोपुर काय, रथ काय, हत्ती काय. पण ते कापडाचे धागे मोजून भरायचं काम आहे. गावंतीत जाताना एकाआड एक टाका पडतो आणि परत येताना मधल्या जागा भरत यायचं, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. गाठ कुठंच नाही. मोजणी एका धाग्याने हुकली की उसवल्याशिवाय सुटका नाही, आणि मोजणी हुकते ती "मम्मी, शू" ऐकल्यावरच. त्याला सलग दुपार लागते. ती तुझ्याकडे आज नाही, पुढे येईल तेव्हा कसुती कर.

वाकळेचा धावदोरा कुठल्याही टाक्यावर सोडता येतो. बाहेरच्या काठापासून सुरू करायचं आणि चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे जायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. परत आलीस की कुठं थांबली होतीस ते कापडच सांगतं. बाईला घडीघडीला हाक येणार, हे धरूनच कोणीतरी हा टाका ठरवला असावा असं मला नेहमी वाटतं. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तीसुद्धा अशीच कडेकडून आत येते, फक्त त्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून फुलं लावतात. आणि अमेरिकेतल्या खेड्यांतून म्हणे गोधडीची लाकडी चौकट दोऱ्यांनी आढ्याला टांगलेली असायची. दिवसा वर ओढायची, कामं उरकली की खाली सोडायची. बघ, त्यांनीसुद्धा गुंडाळून ठेवली नाही. छताला लावली पण उचलली नाही.

मी उचलली होती, म्हणून एवढं बडबडतेय. सासूला अर्धांग झालं तेव्हा घरातल्या बायका म्हणाल्या, माणूस अंथरुणाला खिळलंय आणि हिला वाकळ सुचते. नवरा काही बोलला नाही, पण गुंडाळून माळ्यावर टाकली ती त्यानेच. सासू होती तोवर ती तिथंच राहिली. खाली काढली तेव्हा उंदरांनी मधोमध भोक पाडलेलं. भोकाचं काही नाही, ठिगळ लावता येतं. पण त्या सगळ्या दुपारी मी तिच्या उशाशी रिकाम्या हातांनी बसून होते. वाकळ मांडीवर असती तर सेवेत काय कमी पडलं असतं? तिचा डावा हात चालत होता, तोंड तर चालतच होतं. चार पदर, म्हणजे कापडाचे थर, एकत्र येतात तिथं कोपरा पातळ कसा मोडायचा, ही तिच्या आईची रीत होती आणि ती मला तिच्याकडून घ्यायची होती. समोर वाकळच नाही तर विषय कशाला निघतोय? ती गेली, तिच्याबरोबर कोपरा गेला. माझे कोपरे आजही जाड होतात. पुढच्या वेळी हात लावून बघ.

त्यानंतर मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. बुधवारचा तांबडा-पांढरा बंद केला. मटण रविवारी, बाकी दिवस आमटी-भाकरी आणि एक कोरड्यास. चार दिवस तोंडं वाकडी झाली, मग सवय लागली. माझी मुलगी अजून म्हणते, "आई, लहानपणीची तू मला आठवतेस ती मान खाली घातलेलीच." लागलं मला ते. पण मी विचारते, शेजारच्या घरातल्या आयांच्या माना काय आभाळाकडे होत्या? त्याही पातेल्यातच बघत होत्या. तिचे पाढे मी वाकळेवर बसूनच घेतले. सतरा दाहे सत्तरासे म्हणेपर्यंत एक बाजू शिवून व्हायची. एका वर्षी गॅदरिंगला गेले नाही, ते ती दर दिवाळीला उकरून काढते. लग्नातल्या रुखवताची वाकळ द्यायची होती, आणि त्या पैशांत फी कोणाची गेली? तिचीच. असो. हे तुला लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं गेलं.

२०१९ च्या पुराचंही घरात असंच ऐकवतात. तोवर आम्ही नदीच्या बाजूला, शुक्रवार पेठेत राहायला आलो होतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्या वर गेलं. सगळे कागदपत्रं आणि टीव्ही माडीवर नेत होते, मी आधी अर्धी शिवलेली वाकळ नेली. हसले सगळे. अगं, रेशनकार्डाची दुसरी प्रत मिळते. पुराचं पाणी प्यायलेली वाकळ दोघांना उचलत नाही, आणि तो चिखल नऊ पदरांतून कधीच पुरता निघत नाही.

आता तुझ्या आजीच्या लुगड्यांकडे येऊ, कारण तुझी खरी अडचण तिथं आहे आणि तू ती वेळेवर ढकलतेस. तुला कात्री लावायला भीती वाटते. साहजिक आहे. पण घडीत ठेवलेलं सुती लुगडं घडीवरच विरतं. प्रत्येक लुगडं खिडकीत धरून बघ. उजेड जिथून चाळणीतून आल्यासारखा येतो तो भाग आतल्या पदरांत जाईल, घट्ट भाग वर आणि खाली. दोन इरकली आहेत म्हणालीस. इरकलीचं अंग सुती असतं आणि पदर बहुतेक रेशमी, त्याचा ताणा अंगाच्या ताण्याला कोंडीने, म्हणजे धाग्यांच्या फाशांनी, जोडलेला, त्यावर ती पांढरी टोपतेनीची नक्षी. सूत आणि रेशीम धुण्यात सारखे आटत नाहीत. म्हणून पदर जोडावरच वेगळा कर आणि वाकळेत घालूच नकोस. त्याचा लाल रंगही उतरू शकतो. ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर दाबून बघ. पदराचं मग काही वेगळं कर, उशीचा अभ्रा कर, भिंतीला लाव. अंगाच्या कापडाची स्टार्च असेल तर ती दोनदा धुऊन काढ, नाहीतर सुई अडते आणि तू सुईला दोष देतेस.

कमी पडलं तर इचलकरंजीचे तुकडे वजनावर मिळतात, पण डोळे मिटून घेऊ नकोस. एक धागा काढ आणि काडी लाव. सुताची राख होते, जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मण्याचं कापड वाकळेत नको. घाम शोषत नाही, उन्हाळ्यात बाळ रात्रभर लाथा मारून पांघरूण काढील. काडी मोरीत लाव, बाळ झोपलेलं असताना.

वाकळेला थरांचे पदर पाच पुरेत. तुझ्या आजीच्या काळी सात-नऊ घालायचे, पण ती वाकळ धुवायला नवरात्राच्या आधी रंकाळ्यावर दोघी-तिघी लागायच्या, आणि दगडावर आपटायचा जोर आज कोणाच्या दंडात आहे? पाच पदरांची तुझ्या गच्चीवर एका दिवसाच्या कडक उन्हात वाळेल. सगळे पदर अंथरून सुरकुती काढ, कडांना पाट-वरवंटा-डबे ठेव, आणि लांब लांब कच्चे टाके घालून घे. तेवढा एक दिवस तुला मोकळा लागेल, तो नवऱ्याकडून घे. बाळ त्याचंही आहे. कच्चे टाके पडले की मग मोकळ्या दिवसांची गरजच नाही, मग फक्त उचलायची नाही.

तुझं ते ऑनलाइन मागवलेलं गोल फिरणारं कटर आणि हिरवी मॅट मी पाहिली. छान आहे. परत पाठवता येत असेल तर पाठव. तुला कात्री, मेण, एक अंगुस्तान आणि लांब सुया लागतात, आणि सुया माझ्याकडच्या घे.

शनिवारी तुला सुट्टी असते. दुपारी ये, बाळालाही आण, इथं अंगणात खेळेल. दोन्ही इरकली आण, पदर मी वेगळे करून देते. पहिली कात्री दुसऱ्याने लावलेली बरी असते. कच्चे टाके मात्र तुझ्या घरात, तुझ्या कॉटवर घालायचे. इथं घातलेस तर वाकळ माझ्याकडेच राहील आणि तू "येते, येते" म्हणत दिवाळी आणशील.

सासूबाईंना पसाऱ्याबद्दल काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी त्या भानगडीत पडणार नाही. फार तर एक कर. त्यांच्या जुन्या लुगड्यांतलं एक मागून घे आणि ते आत न घालता सगळ्यात वर लाव. मग बघू, उचल म्हणून कोण सांगतंय.

तुझी,
मावशी