अर्धवट डेस्कटॉप रिलीजमध्ये द्यावा का?

नवा डेस्कटॉप (म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, मेनू, पॅनेल) पुरता तयार नसताना लिनक्स डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्सवर बनवलेल्या तयार ऑपरेटिंग सिस्टिमने, तो रिलीजमध्ये द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. द्यावा, पण पर्याय म्हणून. जुना काढून त्या जागी तर मुळीच नको.

केडीई हा लिनक्सवरचा एक डेस्कटॉप. त्याचं ४.० जानेवारी २००८ मध्ये आलं तेव्हा ३.५ मधल्या कितीतरी सोयी त्यात नव्हत्या. तरी फेडोरा ९ या डिस्ट्रोने ३.५ चा डेस्कटॉप काढून ४.० दिला. ओपनसुसे ११.० ने दोन्ही ठेवले. डेबियन ५ तर २००९ मध्येही ३.५ वरच थांबलं, आणि मला तेच पटतं.

वापरल्याशिवाय बग सापडत नाहीत, हेही खरंच. म्हणून उबंटूची पद्धत मला आवडते. १७.१० मध्ये त्यांनी वेलँड, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारी नवी यंत्रणा, डिफॉल्ट केलं. स्क्रीन शेअरिंग आणि रिमोट डेस्कटॉपच्या अडचणी दिसल्यावर १८.०४ या दीर्घ मुदतीच्या (एलटीएस) आवृत्तीत पुन्हा झॉर्ग ही जुनी यंत्रणा आणली. वेलँड लॉगिनच्या वेळी निवडता येत होतं.

आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बिलं काढणाऱ्याचा विचार करा. अपडेटनंतर पॅनेल गायब झालं, तर माल भरलेला टेम्पो दारात उभा राहतो. त्याने टेस्टर व्हायचं कधी कबूल केलेलं नसतं! डिस्ट्रोने आधी त्याला सांभाळावं.

तुम्हाला नवं बघायचंच असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवर, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, आणि बग दिसला की रिपोर्ट जरूर करा. ऑफिसच्या मशीनवर एलटीएसच ठेवा.