नवा संघ पहिल्या वर्षी एकही सामना न जिंकता संपला, असं झालंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुजरात टायटन्स पहिल्याच वर्षी आयपीएल जिंकून मोकळे झाले, मग अमेरिकन फुटबॉलमध्ये नवा संघ आला की एवढा मार का खातो? आणि एकही सामना न जिंकता कुणी हंगाम संपवलाय का?

संपवलाय. टॅम्पा बे बकनिअर्स, १९७६. चौदा सामने, चौदा पराभव. मी टॅम्पातच राहतो आणि इथली जुनी मंडळी त्या वर्षाबद्दल इतक्या हौसेने बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी करंडकच उचलला होता.

माझं मत विचाराल तर टॅम्पाचा निकाल मार्चमध्येच लागला होता, सामने सप्टेंबरपासून झाले एवढंच. टायटन्स आले तेव्हा जुन्या संघांना फार तर चार खेळाडू राखता आले, बाकी सगळे लिलावात. शिवाय नव्या संघांना लिलावाआधीच तिघांना घेता आलं. हार्दिक पांड्या आणि रशीद खान तसेच आले. टॅम्पाच्या वेळी उलटी गंगा होती. १९७६ मध्ये टॅम्पा आणि सिअ‍ॅटल सीहॉक्स असे दोन संघ एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये आले. मार्चमधली निवड अशी: जुन्या २६ संघांनी आपापले २९ खेळाडू राखून ठेवायचे, उरलेल्यांतून या दोघांनी निवडायचं. बरं, एक उचलला की त्या संघाला आणखी दोघांना राखायची मुभा! शेवटी प्रत्येकाचे तीन गेले आणि नव्या दोघांना ३९-३९ मिळाले. तेव्हा संघच ४३ जणांचा असायचा. २९ चांगले बाजूला काढल्यावर राहतं काय? वय झालेले, गुडघे गेलेले, नाहीतर कोचच्या मनातून उतरलेले. करार संपलेला तगडा खेळाडू पैसे मोजून आणावा, तर तो रस्ताही तेव्हा जवळपास बंदच होता.

त्यात वेळापत्रक. लीगचे दोन गट, एएफसी आणि एनएफसी. टॅम्पाला एएफसीत टाकलं आणि एएफसीच्या उरलेल्या तेराही संघांशी एकेकदा खेळवलं. चौदावा सामना सिअ‍ॅटलशी. सिअ‍ॅटलला तसंच एनएफसीतून फिरवलं. त्या काळात एएफसी कितीतरी भारी होती. ओकलंड रेडर्स त्या वर्षी १३-१ होते (तेरा विजय, एक पराभव) आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही त्यांनीच जिंकला. पिट्सबर्ग स्टीलर्स आधीची दोन वर्षं विजेते होते. टॅम्पाने ओकलंडकडून ४९-१६ आणि पुढच्याच सामन्यात पिट्सबर्गकडून ४२-० असा मार खाल्ला. सिअ‍ॅटलही काही फार उजवं नव्हतं, पण त्यांना दोन विजय मिळाले, आणि त्यातला एक टॅम्पावरच.

कोच जॉन मॅके. साध्यासुध्या माणसाला आणलं नव्हतं, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देऊन ते आले होते. पहिला सामना ह्यूस्टनमध्ये २०-० हरले. घरचा पहिला सामना सॅन डिएगोशी, तो २३-०. तिसऱ्यात बफेलोविरुद्ध फक्त फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळणारे गुण) झाले, १४-९ हरले. पहिला टचडाऊन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं, चौथ्या सामन्यात आला, तोही बचावफळीकडून: डॅनी रीसने प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू उचलला आणि पळत सुटला. वर्षभरात गुण केले १२५, दिले ४१२. पाच सामन्यांत भोपळा. मॅकेंची जीभ मात्र शेवटपर्यंत शाबूत होती. त्यांच्या नावावर एक वाक्य सांगतात: आज आम्ही ब्लॉकिंग केलं नाही, पण टॅकलिंगही न करून त्याची भरपाई केली. (ब्लॉकिंग म्हणजे आपल्या चेंडूवाल्यासाठी समोरच्यांना अडवणं, टॅकलिंग म्हणजे त्यांच्या चेंडूवाल्याला पाडणं.) लोकांनीही परतफेड केली, 'मॅकेला खाडीत फेका' असं छापलेले टी-शर्ट विकले गेले.

जिंकण्याची खरी संधी होती १७ ऑक्टोबरला, घरच्या मैदानावर, सिअ‍ॅटलविरुद्ध. दोघेही तोवर एकही सामना न जिंकलेले. खेळ म्हणजे नुसती शिट्ट्यांची मैफल, दोघांना मिळून ३५ पेनल्ट्या. या सामन्यात टॅम्पाचा पहिलावहिला टचडाऊन पास आला, पण तो क्वार्टरबॅक (पास फेकणं हे ज्याचं काम) स्टीव्ह स्परियरच्या हातून नव्हे. रनिंग बॅक लुई कार्टरने चेंडू घेऊन धावण्याचा आव आणला आणि मॉरिस ओवेन्सकडे फेकला. शेवटच्या मिनिटात १३-१० अशी पिछाडी होती. फील्ड गोल झाला असता तर बरोबरी आणि जादा वेळ. डेव्ह ग्रीनने किक मारली आणि सिअ‍ॅटलच्या माइक कर्टिसने ती अडवली. हा कर्टिस ३३ वर्षांचा, बाल्टिमोरने राखून न ठेवलेला, मार्चच्या त्याच निवडीतून सिअ‍ॅटलने उचललेला. टॅम्पालाही तो घेता आला असता, हे मला अजून खुपतं.

चांगलं काही नव्हतंच असं नाही. कॉलेजमधल्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात त्यात, पहिलाच क्रमांक टॅम्पाचा होता आणि त्यांनी ओक्लाहोमाचा ली रॉय सेलमन घेतला. गुडघ्यापायी तो पहिला हंगाम पुरा खेळू शकला नाही, पण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. शहरातल्या टोल रस्त्याला त्याचं नाव आहे, कामावर जाताना त्या टोलचे पैसे मी भरतोच.

पराभवांची माळ पुढच्या वर्षीही चालू राहिली आणि सलग २६ वर जाऊन ११ डिसेंबर १९७७ ला न्यू ऑर्लिन्समध्ये तुटली. टॅम्पा ३३-१४ ने जिंकलं, समोरच्याचे तीन पास पळवून थेट टचडाऊन केले. संघ परतला तेव्हा स्वागताला हजारो लोक जमले होते. न्यू ऑर्लिन्सच्या कोचची नोकरी मात्र गेली. १९७९ मध्ये हाच संघ, हेच मॅके, सुपर बोलपासून एका सामन्यावर होते. तो सामना लॉस एंजेलिस रॅम्सशी ९-० हरले.

नंतर लीगने नव्या संघांना जरा बरं वागवलं. १९९५ मध्ये कॅरोलायना आणि जॅक्सनव्हिल आले तेव्हा करार संपलेले खेळाडू खुलेपणाने घेता येत होते, शिवाय ड्राफ्टमध्येही त्यांना जास्तीचे क्रमांक मिळाले. कॅरोलायनाने पहिल्याच वर्षी सात सामने जिंकले. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने तर पहिल्याच सामन्यात डॅलसला हरवलं. अर्थात त्यांचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार त्या हंगामात ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच आडवा झाला, तेव्हा फार हेवा करू नका. एकही विजय नाही असे हंगाम पुढेही झाले, २००८ मध्ये डेट्रॉइट आणि २०१७ मध्ये क्लीव्हलँड, दोघेही ०-१६. पण नवे आहोत, ही सबब त्यांच्याकडे नव्हती.