हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या मुलाच्या डोक्याला जोरात मार लागलाय, पण तो खेळतोय. सीटी स्कॅन होईपर्यंत फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्रथिनाचं इंजेक्शन) द्यायचं थांबावं का?

नाही, अजिबात थांबू नका. आधी फॅक्टर, मग स्कॅन. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. मूल खेळतंय म्हणून निर्धास्त राहू नका. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठतं, त्यामुळे उलट्या, वाढती डोकेदुखी, सुस्ती, एका हातातली ताकद कमी होणं ही लक्षणं काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही दिसतात. हिमोफिलियाच्या ए प्रकारात फॅक्टर ८ लागतो, बी प्रकारात ९. मात्र त्याच्या रक्तात इन्हिबिटर (फॅक्टरला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी) तयार झाले असतील, तर नेहमीचा फॅक्टर पुरत नाही, बायपासिंग औषध (त्या फॅक्टरशिवाय रक्त गोठवणारं) लागू शकतं. हे इमर्जन्सीत पोचल्या पोचल्या सांगा. आणि डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो.