जंघा वर कशी चढली?

‘फेमोरल नर्व्हला (मांडीत उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला) मराठीत जंघाचेता म्हटलं तर चालेल का?’ असं विचारलंय. चेता म्हणजे नर्व्ह. नाही चालणार. ऊरुचेता म्हणा, ऊरू म्हणजे मांडी. ‘जांघेतली शीर’ही नको, शीर म्हटलं की रक्तच डोळ्यांपुढे येतं, आणि जांघेत या चेतेच्या आतल्या अंगाला खरोखरच मांडीची मोठी धमनी उडत असते.

संस्कृत ‘जंघा’ दिसली की बेधडक ‘मांडी’ असा अर्थ ठोकून देतात, त्याचा मला वीट आलाय. रामरक्षा पाठ असणारेसुद्धा! तिथला क्रम बघा: कटी, सक्थिनी, ऊरू, जानुनी म्हणजे गुडघे, मग ‘जङ्घे दशमुखान्तकः’ आणि शेवटी पादौ. गुडघ्याच्या खाली मांडी कुणाला असते? जंघा म्हणजे गुडघा ते घोटा. भीमाने दुर्योधनाचा फोडला तो ऊरू. आणि आपल्याला जिथे अवधाण (सुजलेली गाठ) येतं, ती जांघ म्हणजे वंक्षण, मांडी आणि पोट जुळतात ती जागा.

जुने वैयाकरण जंघा ‘हन्’ धातूपासून काढतात. व्याकरणात बसवायची म्हणून बसवलेली व्युत्पत्ती! पायाचं काम मारणं की चालणं? तौलनिक भाषाशास्त्र तिला ‘पाऊल टाकणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूकडे नेतं. जर्मनमधला ‘गांग’, म्हणजे चाल, त्याच कुळातला. संस्कृतात धावत निरोप नेणाऱ्याला जाङ्घिक म्हणत, यातच सगळं आलं.

मग ती वर कशी चढली? माझा तर्क असा: खालची जागा पोटरी आणि नडगीने बळकावली, जंघा बेघर झाली. हिंदीत ती मांडीपाशी थांबली, जाँघ झाली. मराठीत तिथे ‘मांडी’ आधीच ठाण मांडून बसलेली, म्हणून बिचारीला आणखी वर सरकावं लागलं. याला ‘हिंदीचा प्रभाव’ म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की मग आपली जांघ मांडीवरच का नाही थांबली?

हां, चेता. कमरेतल्या २, ३ आणि ४ क्रमांकाच्या मुळांपासून ती निघते, जांघेतल्या बंधाखालून (लिगामेंटखालून) मांडीत उतरते आणि लगेच फाटे फुटतात. गुडघा सरळ करणारे मांडीच्या पुढचे स्नायू तिच्या ताब्यात. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारून तपासतात ती हीच. तिची सॅफेनस शाखा पोटरीच्या आतल्या बाजूने पावलापर्यंत जाते, म्हणजे जंघाचेता म्हणायचंच असेल तर फार तर तिला म्हणा. मांड्या जवळ आणणारे आतले स्नायू मात्र मुख्यतः ऑब्च्युरेटर चेतेकडे. ती वेगळी.