बागेत झुकिनीचा पूर आणि नवऱ्याला ‘पाणचट’ भाजी नको

प्रश्न : न्यू जर्सीत परसात झुकिनी, काकडी, टोमॅटो लावलेत. ऑगस्ट लागल्यापासून रोज टोपलीभर निघतंय. नवऱ्याला बटाटा, भेंडी आणि मटकीपलीकडे काही चालत नाही. झुकिनी दिसली की ‘पाणचट आहे’ म्हणतो आणि ताट सरकवतो. टाकून द्यायला जीव होत नाही. काय करावं?

उत्तर : त्यांची तक्रार खोटी नाही. झुकिनी, काकडी, टोमॅटो या तिन्हींत ९४-९५ टक्के पाणीच असतं. दुधीसारखं झाकण ठेवून शिजवलं की झुकिनीचा पाच मिनिटांत लगदा होतो आणि फोडणी त्या पाण्यात बुडते. तेव्हा आधी बंदोबस्त करायचा तो पाण्याचा.

सुरुवात वेलापासूनच करा. झुकिनी वीतभर झाली की तोडायची. उन्हाळ्याच्या शेवटी दोन दिवस दुर्लक्ष झालं की पानाखाली दंडाएवढी सापडते, म्हणून रोज सकाळी पानं उचलून बघा. मोठी झालेली उभी चिरून मधला बियांचा स्पंजासारखा भाग चमच्याने खरवडून टाका. पाणी जास्त तिथेच असतं. आणि चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघाच. कडू लागला तर थुंका आणि ते अख्खं फळ फेकून द्या. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा. शिजवल्याने जात नाही आणि पोट वाईट बिघडवतो. भारतात कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत, तेही याच द्रव्यामुळे. गेल्या वर्षीच्या फळातलं बी धरून लावलं असेल किंवा वेल आपोआप उगवला असेल, तर ही चव घेणं चुकवू नका.

आता भाजी. पीठ पेरून करा. बेसनाचा खमंगपणा असला की बटाटाप्रेमी माणूसही निदान घास घेतो. ४०० ग्रॅम झुकिनीला अर्धी वाटी बेसन लागतं. बेसन आधी चमचाभर तेलात वास सुटेपर्यंत भाजून बाजूला ठेवा. झुकिनीच्या बोटभर जाड फोडी करा, पातळ चकत्या नकोत. पसरट बिडाचा तवा चांगला तापवा (विजेची शेगडी असेल तर तीन-चार मिनिटं तरी), तीन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, सहा-सात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, हळद आणि लगेच फोडी. एकाच थरात पसरून दोन मिनिटं हात लावू नका, तळाला डाग पडू द्या. मग उलटून आणखी तीन-चार मिनिटं. झाकण नाही, मीठ नाही. फोडींना डाग पडले की मीठ, तिखट, भाजलेलं बेसन भुरभुरून एकदाच हलवा आणि आच मंद करून दोन मिनिटं झाका.

बिघडतं ते तीन ठिकाणी. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं. बेसन कच्चं घातलं की त्याचे गोळे होतात आणि भाजी दाताला चिकटते. आणि किलोभर फोडी एकदम टाकल्या की तवा थंड पडतो आणि भाजी परतली न जाता उकडते. जास्त करायची असेल तर दोन घाणे काढा.

थालीपिठात मात्र हेच पाणी कामी येतं. दोन वाट्या किसाला अर्धा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग घट्ट पिळा. पिळलेलं पाणी टाकू नका. दीड वाटी भाजणी, कांदा, कोथिंबीर, तिखट, तीळ आणि किस कालवून त्याच पाण्याने लागेल तसं मळा. वरून मीठ घालताना हात आखडता, पाण्यात आधीच आहे. पीठ मुरायला ठेवू नका. दहा मिनिटांत सैल होतं आणि थापताना फाटतं. ओल्या बेकिंग पेपरवर थापून पेपरासकट तव्यावर उलटं घाला, पेपर सोलून काढा, मग भोकांत तेल सोडा.

वेलावर राहून पिवळी, जाड झालेली काकडी कोशिंबिरीच्या कामाची नाही, पण कोकणातल्या धोंडसाला (काकडी-गुळाच्या केकला) तशीच हवी. चव बघून, साल आणि बिया काढून किसा. इथे किस पिळायचा नाही. दोन वाट्या इडली रवा दोन चमचे तुपावर भाजा. तीन वाट्या किस पाण्यासकट, सव्वा वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूट मीठ एकत्र उकळा आणि त्यात रवा घालून घट्ट होईपर्यंत हलवा. वेलची घालून तूप लावलेल्या भांड्यात थापा. ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटला ४० ते ४५ मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापलं तर भुगा होतो.

टोमॅटो एकदम पिकले तर धुऊन, पुसून, अख्खेच फ्रीझरच्या पिशव्यांत भरा. नंतर नळाखाली धरले की साल हातात येते. साराला हेच वापरा; नारळाचं दूध शेवटी घाला आणि मग उकळी येऊ देऊ नका, नाहीतर फाटतं.

राहिला प्रश्न नवऱ्याचा. भाजी लपवून खाऊ घालू नका. एकदा पकडली गेली की थालीपीठही संशयित होतं आणि एक हक्काचा पदार्थ हातचा जातो. नाव सांगूनच वाढा, शेजारी नेहमीचं वरण-भात असू द्या आणि आठवड्यात नवा पदार्थ एकच. नेमकं काय आवडत नाही तेही विचारा. हिरवी साल खटकत असेल तर सोला, मऊपणा खटकत असेल तर दोन मिनिटं कमी परता. यातून काहीच जमलं नाही तर तव्यापाशी त्यांनाच उभं करा. स्वतः परतलेली भाजी पाणचट म्हणणं जड जातं.

तरी उरलीच तर शेजाऱ्यांना द्या. अमेरिकेत ८ ऑगस्ट हा शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून येण्याचा दिवस म्हणून गमतीने पाळतात, तेव्हा कोणी वाईट वाटून घेणार नाही. फक्त तुमच्या दारातही कोणीतरी ठेवून जाईल, ही तयारी ठेवा.